तासाला हातात किती? सांगली-मिरजेतल्या फिजिओसाठी कमाईच्या वाटांचा हिशेब

मिरजेत एखाद्या हॉस्पिटलात आठ तासांची ड्युटी, महिना पंचवीस हजार, आणि संध्याकाळी ओळखीतून आलेल्या एक-दोन होम व्हिजिट. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) होऊन तीन-चार वर्षं झालेल्या पुष्कळ फिजिओंची गाडी इथे येऊन थांबते. पुढचा सल्ला ठरलेला असतो: "स्वतःचं क्लिनिक टाक की." टाक म्हणणाऱ्याला गाळ्याचं भाडं भरायचं नसतं.

क्लिनिक वाईट नाही, पण ते कितव्या नंबरला यावं हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी फी, पेशंटची संख्या, महिन्याची जमा हे सगळे आकडे बाजूला ठेवून एकच आकडा बघायचा: खर्च, प्रवास आणि बुडालेल्या वेळा वजा करून एका तासाला हातात किती राहतात. नोकरीचं गणित सोपं आहे. दिवसाला ८ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २०८ तास. २५,००० भागिले २०८ म्हणजे तासाला १२० रुपये. खालची प्रत्येक वाट या १२० शी ताडून बघू. फी आणि भाड्याचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमचा दर वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहते.

होम व्हिजिट

भांडवल जवळजवळ नाही. टेन्सचं (दुखणं कमी करणाऱ्या सौम्य करंटचं) छोटं मशीन, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, दोन-तीन रंगांचे थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), मोजपट्टी. एका सॅकमध्ये मावतं. म्हणून सगळे इथून सुरुवात करतात, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात.

संध्याकाळी ५ ते ९ हे चार तास घ्या. फी ५०० धरू, एक सिटिंग ४५ मिनिटांचं. पहिला पेशंट सांगलीवाडीत, दुसरा मिरजेत ब्राह्मणपुरीत, तिसरा कुपवाडला असेल तर दोन घरांमध्ये अर्धा तास जातो. २४० मिनिटांत तीनच व्हिजिट बसतात. १,५०० रुपये आले, तीसेक किलोमीटरचं पेट्रोल आणि गाडीची झीज मिळून १२० गेले. उरले १,३८०, म्हणजे तासाला ३४५. आता तेच चार तास, पण चारही पेशंट विश्रामबाग, वानलेसवाडी, विजयनगर या एका पट्ट्यातले. दोन घरांत दहा मिनिटं. चार व्हिजिट सहज होतात: २,००० जमा, गाडीचे ४० गेले, तासाला ४९०. महिन्याला फरक १५,०८० रुपयांचा. फी एका रुपयानेही वाढवलेली नाही.

तेव्हा दिवस पेशंटच्या सोयीने न ठरवता भागाने ठरवा. सोमवार-बुधवार-शुक्रवार मिरज, मंगळवार-गुरुवार-शनिवार विश्रामबाग-सांगली. फोनवर पहिला प्रश्न "दुखतंय कुठे" हाच असू दे, पण दुसरा "राहायला कुठे" हा हवा. पट्ट्याबाहेरचा पेशंट आला तर त्या भागातल्या दुसऱ्या फिजिओकडे पाठवा आणि तिला तुमच्या भागातला पाठवायला सांगा. पेशंट सोडणं जिवावर येतं हे खरं, पण हरिपूरच्या एका व्हिजिटसाठी मिरजेतल्या दोन बुडतात.

दुसरी गळती ऐनवेळच्या रद्दची. "आज पाहुणे आलेत, उद्या या" हा फोन जिन्यात उभे असताना येतो. आठात एक व्हिजिट अशी गेली तर महिन्याच्या १०४ पैकी १३ जातात, म्हणजे ६,५०० रुपये, आणि तासाचा दर ४९० वरून सव्वाचारशेच्या आसपास उतरतो. यावर उपाय म्हणजे दहा सिटिंगचं पॅकेज: पैसे आधी, १० टक्के सवलत, आणि एक नियम लिहून दिलेला, की दुपारी १२ पर्यंत कळवलं तर सिटिंग पुढे सरकेल, नंतर कळवलं तर ते झालं असं धरलं जाईल. रद्दपायी साडेबारा टक्के जात होते, इथे दहा देऊन ते थांबतात, वर पैसे आधी हातात. पॅकेज अर्धवट सुटलं तर काय, हेही त्याच कागदावर हवं: झालेली सिटिंग सवलतीशिवायच्या दराने धरून उरलेली रक्कम परत. हे आधी लिहिलेलं नसलं की चौथ्या सिटिंगला गुडघा बरा वाटणाऱ्या आजोबांच्या मुलाशी वाद होतो, आणि तो वाद अख्ख्या कॉलनीला कळतो.

होम व्हिजिटमध्ये नियमित पैसा देणारे पेशंट दोन प्रकारचे. गुडघा बदललेले: सहा ते आठ आठवडे चालतात, सुरुवातीला रोज, मग एकाआड एक. आणि पक्षाघाताचे: सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त, सहा महिन्यांपर्यंत चांगला, म्हणून व्हिजिट लांबतात. पण इथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. आठव्या महिन्यात रोज जाऊन फक्त हातपाय हलवून देणं म्हणजे घरच्यांचे पैसे घालवणं. घरच्या माणसाला शिकवा आणि आठवड्याला एक व्हिजिट ठेवा. ती एक वर्षभर टिकते. रोजची तिसऱ्या महिन्यात कुरबुरीने बंद पडते.

सुरक्षिततेचं थोडक्यात. पहिल्या भेटीला घरात दुसरं कोणी असल्याशिवाय जाऊ नये, आणि लोकेशन घरी पाठवून ठेवावं; हे स्त्री फिजिओंनी तर नेमाने करावं. व्यायामाआधी बीपी घ्यावं. ऑपरेशननंतरच्या पेशंटची पोटरी एका बाजूला सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखरी लागली तर त्या दिवशी व्यायाम नाही, मसाज तर मुळीच नाही. रक्ताच्या गुठळीची शंका धरून लगेच सर्जनकडे.

हॉस्पिटलात टक्केवारीवर

मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. पेशंट कर्नाटकातल्या अथणी, चिकोडी, जमखंडी, विजापूरहूनही येतात. ऑर्थोपेडिक ओपीडीत फिजिओची खोली चालवायला देऊन टक्केवारी ठरवण्याची पद्धत रूढ आहे. भाडं नाही, मशीन त्यांची, पेशंट शोधायला जावं लागत नाही.

हिशेब: सिटिंग ३००, तुमचा वाटा निम्मा, सकाळच्या तीन तासांत आठ पेशंट. १,२०० भागिले तीन, तासाला ४००. कागदावर होम व्हिजिटच्या जवळ जातं. प्रत्यक्षात घसरतं ते एका शब्दावर: टक्केवारी बिलावर की जमा रकमेवर? जमेवर असेल आणि सवलती, ओळखीचे, कॅशलेसमधली कपात मिळून १५ टक्के गेले, तर २,४०० चे २,०४० होतात, तुमचे १,०२०, तासाला ३४०. शिवाय पैसे दीड-दोन महिन्यांनी. वर्षाला ५०,००० च्या वर रक्कम गेली की हॉस्पिटल १० टक्के टीडीएस कापतं. तो बुडत नाही, पण विवरणपत्र भरलं तरच परत मिळतो.

म्हणून तोंडी ठरवू नका. पत्रात पाच गोष्टी हव्यात: टक्केवारी कशावर, फुकटचे पेशंट कोण ठरवणार आणि त्यांचा वाटा कुणाच्या अंगावर, जेल, पॅड, चादरी कुणाच्या, पैसे कोणत्या तारखेला, आणि डिस्चार्जनंतर पेशंटने तुम्हाला घरी बोलावलं तर चालेल का. पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायला लोक लाजतात. होम व्हिजिटचे पेशंट मिळण्याची हीच तर खाण आहे. ती बंद ठेवणारा करार तासाला साडेतीनशेतही महाग.

मिरजेत बसणाऱ्याने थोडं कन्नड शिकावं. "मोणकाल मडचरी" (गुडघा वाकवा), "काल एत्तरी" (पाय उचला) एवढं म्हटलं तरी जमखंडीची आजी गुडघा दहा अंश जास्त वाकवते. भाषांतर करणारा नातू चहाला गेला की कन्नड न येणाऱ्या फिजिओचं सिटिंग अडतं.

स्वतःचं क्लिनिक

आता मोठा प्रश्न. पाच लाखांचं कर्ज धरू; मुद्रा योजनेतल्या किशोर गटाची मर्यादा तीच आहे. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता १०,८७१ रुपये. भाडं १२,०००, मदतनीस मावशी ९,०००, वीज २,५००, जेल-चादरी-दुरुस्ती ३,०००, फोन-नेट-साफसफाई १,६००. बेरीज जवळजवळ ३९,०००. सिटिंग ३०० ला, तर नुसता खर्च निघायला महिन्याला १३० सिटिंग, दिवसाला पाच. या पाचांत तुमचा एक रुपया नाही.

दिवसाला अकरा पेशंट झाले तर? ८५,८०० जमा, खर्च जाऊन ४६,८००. ऐकायला छान. पण क्लिनिक सकाळी चार आणि संध्याकाळी चार असे आठ तास उघडं असेल तर तासाला २२५ च पडतात. पट्ट्यातल्या होम व्हिजिटच्या सव्वाचारशेला गाठायचं तर दिवसाला १७ पेशंट लागतात. हे अकरा पेशंट फक्त संध्याकाळच्या चार तासांत घेतले तर मात्र तासाला ४५०. म्हणजे नव्या क्लिनिकला दोन पाळ्यांची गरज नसते. रिकामं बसण्याचे तास फक्त तोटा वाढवतात. सकाळी हॉस्पिटलची टक्केवारी किंवा व्हिजिट, संध्याकाळी क्लिनिक, आणि संध्याकाळ तुडुंब भरून पेशंट परत जायला लागले की मग सकाळ उघडायची. दोन्ही वेळा पाटी लावायची हौस पहिल्या वर्षी महागात पडते.

| वाट | सुरुवातीला लागणारे | धरलेल्या आकड्यांवर तासाला | घसरतं कुठे |
|---|---|---|---|
| पगारी नोकरी | काही नाही | १२० | पगारवाढ हॉस्पिटलच्या हाती |
| होम व्हिजिट, विखुरलेल्या | एक सॅक | ३४५, रद्द धरून ३०० च्या आत-बाहेर | प्रवास |
| होम व्हिजिट, एका पट्ट्यात | तेच | ४९०, रद्द धरून सव्वाचारशे | ऐनवेळचे रद्द |
| हॉस्पिटलात टक्केवारी | काही नाही | ३४० ते ४०० | करार आणि उशिरा पैसे |
| क्लिनिक दोन वेळा, ११ पेशंट | ५ लाख कर्ज | २२५ | रिकामे तास |
| क्लिनिक संध्याकाळी, ११ पेशंट | तेच | ४५० | पेशंट अकरावर न जाणं |
| गटवर्ग, ८ जण | खुर्च्या, बँड, हॉल | ८५० च्या वर | गट न भरणं |

जागा बघताना सांगलीत एक गोष्ट विसरता येत नाही: कृष्णा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. गावभागात तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळतो, त्यामागे एक कारण हेही असतं. शॉर्टवेव्ह (खोल शेकाचं मशीन), ट्रॅक्शन (मान-कंबर ताणायचं यंत्र), लाकडी प्लिंथ (पेशंटला झोपवायचं बाकडं); पाणी शिरलं की यातलं काही वाचत नाही. पण पहिला मजला घ्यावा तर गुडघ्याचा पेशंट जिना चढत नाही. लिफ्ट असलेला पहिला मजला किंवा उंच जोत्याचा तळमजला, आणि तोही शंभर फुटी रस्ता किंवा विश्रामबागेसारख्या भागात शेजाऱ्याला "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" असं विचारून. भिंतीवर खूण दाखवणारा माणूस प्रत्येक गल्लीत आहे. दाराची रुंदी व्हीलचेअरसाठी किमान ९० सेंटिमीटर, आणि संडास भारतीय बैठकीचा असेल तर गुडघेवाले पेशंट लवकर पळतात.

मशीनमध्ये पैसे अडकवण्याची घाई नको. आयएफटी (हेही दुखण्यावरच्या करंटचं मशीन), टेन्स, अल्ट्रासाऊंड (उपचाराचं, सोनोग्राफीचं नव्हे), मसल स्टिम्युलेटर, मेणाचा बाथ, हॉट पॅक, मानेचं-कमरेचं ट्रॅक्शन आणि व्यायामाचं साधं सामान एवढ्यावर सुरुवातीचे पेशंट निघतात. जुनं अल्ट्रासाऊंड घेत असाल तर तिथेच तपासा: हेड वर धरून त्यावर पाण्याचे चार थेंब टाका, तीव्रता हळूहळू वाढवा. क्रिस्टल चांगला असेल तर थेंब थरथरतात, बारीक तुषार उडतात. काहीच हलत नसेल तर तो डबा फक्त टिकटिकतो. हे काही सेकंदच करा. हवेत चालवत ठेवलं तर हेड तापून खराब होतं. आयएफटीची रबरी पॅड कडक झाली की करंट एका कोपऱ्यातून टोचतो आणि पेशंट म्हणतो "मशीन लागतंय". पॅड खर्चाची वस्तू आहे, तीन हजारांच्या महिन्याच्या रकमेत ती धरलेली असू दे.

शॉकवेव्हचं (दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे झटके देणारं) मशीन विकायला आलेला माणूस हिशेब फार गोड मांडतो. तोच हिशेब उलटा मांडा. पाच लाखांचं घेतलं तर हप्ता १०,८७१. जादा फी ८०० मिळत असेल तर नुसत्या हप्त्याला महिन्याला १४ सिटिंग. टाचदुखी, टेनिस एल्बो, खांद्यातलं कॅल्शियम, अशा पेशंटला ३ ते ५ सिटिंग लागतात. म्हणजे दर महिन्याला असे चार नवे पेशंट, साठ महिने. तुमच्या गेल्या सहा महिन्यांच्या वहीत ते आहेत का? वहीत नसतील तर मशीन आल्यावर उगवणार नाहीत.

आपल्याकडचा पेशंट "शेक द्या" म्हणत येतो. शेक आणि करंट यांना तो पैसे देतो, व्यायामाला "ते घरी करतो" म्हणतो. त्यामुळे नवं क्लिनिक मशीनचं दुकान होण्याची भीती असते: पेशंट चार मशीनवर, फिजिओ मोबाईलवर. शेजारी दुसरं असं क्लिनिक वीस रुपये कमी घेऊन उघडलं की खेळ संपतो. पहिल्याच दिवशी एक मोजमाप लिहा आणि पेशंटला दाखवा: गुडघा किती अंश वाकतो, हात मागे कुठवर जातो, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. सहाव्या दिवशी तेच पुन्हा. आकडा वाढलेला दिसला की व्यायामाचे पैसे मागायला लाज वाटत नाही.

द्राक्ष आणि ऊस पट्ट्यातून पेशंट येत असतील तर महिन्याची जमा सारखी राहत नाही. तासगाव-पलूसकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. त्या आठवड्यांत कंबर मोडली तरी शेतकरी सिटिंगला येत नाही, काम संपल्यावर येतो. गळीत हंगामातही तेच. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे इथे सव्वा लाखाच्या आसपास, कर्जाबाहेर बाजूला ठेवल्याशिवाय शटर वर करू नये.

गटवर्ग: सगळ्यात दुर्लक्षित वाट

डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला: सहा आठवडे, आठवड्याला दोनदा, म्हणजे व्यायामाचे १२ वर्ग, आणि सोबत माहितीची सत्रं. ते नाव वापरायला त्यांचं प्रशिक्षण लागतं, पण सहा आठवड्यांचा साचा कुणालाही बसवता येतो, आणि तो सांगलीला बेतल्यासारखा आहे. पन्नाशी-साठीतल्या गुडघेदुखीच्या बायका एकेकट्या व्यायाम करत नाहीत. आठ जणी जमल्या की करतात.

हिशेब: आठ जण, प्रत्येकी १२ वर्गांचे २,४००, म्हणजे १९,२००. हॉलचे वर्गाला ३०० प्रमाणे ३,६०० वजा. वेळ: वर्गाचे १२ तास, आधी प्रत्येकाची अर्धा तास तपासणी, शेवटी पंधरा मिनिटं, एकूण १८ तास. तासाला ८६६. सहा जण असतील तर ६५०. पाच असतील तर ५३३. चारच असतील तर ४००, म्हणजे व्हिजिट बऱ्या. पाचाच्या खाली गट सुरू करू नये.

जागा जिना नसलेली हवी. महिला मंडळाचा हॉल, देवळाचा सभामंडप, कॉलनीचं समाजमंदिर चालतं. आठ बिनहाताच्या लोखंडी खुर्च्या, लाल आणि हिरवे थेराबँड, १५ सेंटिमीटरच्या पायऱ्या चार. दहा मिनिटं अंग गरम करणं, मग खुर्चीतून उठ-बस, पायरीवर चढ-उतार, बँड लावून बाजूला चालणं, एका पायावर तोल. प्रत्येकी १० वेळा, दोन ते तीन फेऱ्या. दुखणं दहापैकी पाचापर्यंत चालतं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पायरीची उंची कमी, व्यायाम बंद नाही. वेळ दुपारी चारची. अकरा वाजता ठेवलात तर स्वयंपाक आणि देवपूजेत निम्म्या गळतात.

बिघडतं कुठे? गुडघा, कंबर आणि मान एका गटात कोंबली की. कमरेच्या सायटिकावाल्याला उठ-बस त्रास देते, तो सोडतो आणि बाहेर सांगतो की वर्गात कंबर वाढली. दुसरं, तारखा. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी ओलांडून सलग सहा आठवडे मिळत नाहीत. संक्रांतीनंतर सुरू केलेला गट शिमग्याच्या आधी नीट संपतो. बीपी ताब्यात नसलेले, छातीत दुखणारे, वरचेवर पडणारे यांना तपासणीतच बाजूला काढून एकेकट्याने घ्या.

गर्भवतींसाठीचा वर्ग, ज्येष्ठांचा तोल सांभाळण्याचा वर्ग याच साच्यात बसतात. गर्भवतींसाठी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाव नोंदवू नका.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत कामगारांच्या कंबर-खांद्यासाठी महिन्याला दोन भेटी विकता येतात. तासाचा दर चांगला मिळतो, पण मालकाला पटवायला चार-सहा महिने. सेफ्टी ऑफिसरला "कामाची तपासणी करू" असं मोघम सांगू नका; एकच जागा निवडा, जसं की फाउंड्रीतलं साचे उचलण्याचं काम, त्याचा व्हिडिओ, उचलण्याची उंची आणि वजन, आणि टेबल वीस सेंटिमीटर वर घेतल्यावर पाठ किती कमी वाकते ते दाखवा.

तालमी आणि खेळ: पहिली महिला महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली. इथे काम केलं की नाव मिळतं, ओळखी होतात. पैसा कमी. पैलवान फी द्यायला येत नाही, वस्तादाच्या शब्दावर येतो. खुराकाचा खर्चच त्याला पेलत नाही. जाहिरात म्हणून जा, उत्पन्न म्हणून नको.

शिकवायला जायचं तर एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी) लागतं, म्हणजे दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांची बुडालेली कमाई. कराडचं कॉलेज रोज करायचं ठरवलंत तर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतात. शिकवण्याची आवड असेल तरच.

विशेष उपचार शिकायचे असतील तर दोन-तीन दिवसांच्या प्रमाणपत्रांची भिंत सजवण्याआधी एक चाचणी करा: हा पेशंट तुमच्याकडे पाठवतील असे जिल्ह्यातले पाच डॉक्टर नावानिशी सांगता येतात का? मिरजेत कॅन्सरची शस्त्रक्रिया होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या बायकांना थरांचं बँडेज बांधणारा हात सहज सापडत नाही. बसल्या जागेवर गरगरणाऱ्यांना मान आणि डोकं वळवून बरं करणं, बाळंतपणानंतरची लघवीची तक्रार, ही कामं अशीच. कमी पेशंट, पण ते फीवरून घासाघीस करत नाहीत. ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुया टोचणं) सुरू केलंत तर वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि जैववैद्यकीय कचऱ्यातच जायला हव्यात, कॉर्पोरेशनच्या घंटागाडीत नाही.

ऑनलाइन सिटिंग हे पुणे-मुंबईला गेलेल्या आपल्याच जुन्या पेशंटसाठी ठीक. पैसे आधी यूपीआयने. नंतर देतो म्हणणारा देत नाही.

कट

हे न बोलता पुढे जाणं बरोबर नाही. "पेशंट पाठवतो, तीस टक्के" अशी मागणी काही डॉक्टरांकडून होते; यालाच कट म्हणतात. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं स्पष्ट मना आहे. हिशेबानेही ते फसवंच: ३०० च्या सिटिंगमधून ९० गेले तर क्लिनिकचा खर्च निघायला पाचाऐवजी सात-आठ पेशंट लागतात, आणि सिटिंग लांबवायचा मोह सुरू होतो.

त्याऐवजी डॉक्टरला दर दोन आठवड्यांनी अर्ध्या पानाची चिठ्ठी पाठवा. पेशंटचं नाव, ऑपरेशनची तारीख, आणि खाली चार ओळी: "दुसरा आठवडा. वाकणं ७० वरून १०५ अंश. सरळ करताना लॅग १० होता, आता नाही. वॉकरवरून काठीवर. जखम कोरडी." (लॅग म्हणजे स्वतःहून गुडघा सरळ करताना राहणारी कसर.) सर्जनला हवं असतं ते हेच; त्याचा गुडघा कसा चाललाय हे त्याला पेशंटच्या मुलाकडून कळायला नको. अशा दहा चिठ्ठ्यांनंतर पेशंट येऊ लागतात. तरीही ज्या डॉक्टरकडून येत नाहीत, त्याच्या दारात उभं राहून उपयोग नाही.

निवडताना

घरी पगारावर अवलंबून कोणी असेल, कर्ज असेल, तर नोकरी ठेवून पट्ट्यातल्या व्हिजिट. व्हिजिटची महिन्याची कमाई सलग चार महिने पगाराच्या दीडपट राहिली की नोकरीच्या जागी सकाळची टक्केवारी. मूल लहान असेल, संध्याकाळ मोकळी नसेल, तर चारच्या गटवर्गापासून सुरुवात करा, क्लिनिक नको. वहीत महिन्याला शंभराच्या वर असे पेशंट असतील जे घरी न बोलवता तुमच्याकडे यायला तयार आहेत, तर मग संध्याकाळचं क्लिनिक. हे शंभर नसताना घेतलेला गाळा पेशंट आणत नाही, फक्त हप्ता आणतो.

पावती प्रत्येकाला द्या: तारीख, सिटिंगची संख्या, कोणत्या डॉक्टरने पाठवलं, आणि राज्याच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचा तुमचा नोंदणी क्रमांक. बऱ्याच विमा पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च मिळतो; डॉक्टरने फिजिओथेरपी लिहून दिली असेल तर तुमची पावती त्यात लागू शकते. हे पेशंटला तुम्ही सांगितलंत तर तो फी कमी करायला सांगत नाही. उपचाराच्या फीवर जीएसटी नाही. पण बेल्ट-नीकॅप विकणं आणि कारखान्यातलं प्रशिक्षण त्या माफीत बसत नाही, आणि असं काही करत असाल तर २० लाखांची मर्यादा मोजताना उपचाराची जमाही त्यात धरतात.

राहिली फी. सगळ्यात स्वस्त वाढ तीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही तीच. व्हिजिट ५०० ची ५५० केली आणि महिन्याला ९१ व्हिजिट होत असतील तर ४,५५० रुपये जास्त, एक मिनिट न वाढवता. त्यामुळे आठ व्हिजिट गेल्या तरी जमा तेवढीच राहते, आणि आठ व्हिजिटचा वेळ सुटतो तो वेगळा. चालू पेशंटला मध्येच वाढवू नका. गुढीपाडव्यापासून नव्यांना नवा दर, जुन्यांना चालू पॅकेज संपेपर्यंत जुना. कार्डावर तारखेसकट छापून ठेवा. तोंडी सांगितलेल्या दरावर घासाघीस होते, छापलेल्यावर सहसा होत नाही.